पट्टा

माझा कमरेचा पट्टा सध्या रेल्वेत नोकरीला आहे. पगार नाही, साप्ताहिक सुट्टी नाही आणि मला न विचारता त्याला कायम करून टाकलंय. आज अकरावा दिवस. बायको म्हणते, "अहो, दोनशेचा पट्टा, सोडा आता." पहिली गोष्ट, तो साडेसहाशेचा होता. दुसरी गोष्ट मी तिला सांगत नाही, कारण तिच्या मते मी ती गोष्ट फार वेळा सांगितलेली आहे. म्हणून इथे लिहितोय.

मे महिना, पारा 43 च्या वर. पुण्याहून मेहुणी पोरांना घेऊन आलेली. पोरांना पाणी पाहिजे. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी बघायचं तर तिकीट काढूनच बघावं लागतं. शहराबाहेर हायवेला लागून एक वॉटर पार्क आहे. तेच थीम पार्क, तेच रिसॉर्ट आणि लगीनसराईत तेच मंगल कार्यालय. नाव सांगत नाही. सांगितलं तर पट्टा परत मिळायची उरलीसुरली आशाही जाईल.

गेटवर आमचे धपाटे आणि शेंगाचटणी जप्त झाली. सोलापूरच्या माणसाकडून सोलापूरच्याच हद्दीत शेंगाचटणी काढून घेणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

गेटपासून तलावापर्यंत किलोमीटरभर अंतर. चालत जायला परवानगी नाही. 'सुरक्षेच्या कारणास्तव', असं पाटीवर लिहिलंय. त्यासाठी रेल्वे, आणि रेल्वेसाठी माणशी चाळीस रुपये 'अंतर्गत वाहतूक शुल्क', तिकिटातच कापलेलं. आम्ही सात जण. हिशेब तुम्ही करा, मी त्या रात्री तीनदा केला.

रेल्वे दिसायला मात्र देखणी. लालभडक पत्र्याचं इंजिन, त्याला टपोरे डोळे, पिळदार मिशी आणि ओठांवर हसू. रंग इतका ताजा की मेहुणीच्या ओढणीला लागला. मागे दोन डबे, वर झालरी. पत्र्याच्या आत एक ट्रॅक्टर होता, हे मला आत बसल्यावर कळलं, आणि तेही मी होऊन ओळखलं नाही. शेजारच्या आजोबांनी सांगितलं.

पांढरा लेंगा, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. नातवंडं पुढच्या डब्यात, आजोबा मागच्या डब्यात माझ्या शेजारी. गाडी सुटून दहा पावलं गेली नाही तोच त्यांनी डोळे मिटले आणि कान टवकारले. शास्त्रीय गायनाच्या मैफिलीत जाणकार बसतो तसे.

"ऐकलालाव का साहेब?"

"काय?"

"कुर्र नाही हे. किर्र हाय." आजोबा एक बोट वर करून थांबले. "कुर्र असलं तर बेअरिंग. किर्र असलं तर लायनर. आणि आता बघा, टक् येईल."

टक् आलं.

"हां. ते पिनीचं."

आजोबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं गाडीखाली झोपून काढली, म्हणाले. त्यांना गाडीचा चेहरा बघायची सवयच नव्हती, सगळी ओळख पोटाकडून. "ट्रॅक्टर वळखला का? उसाचा हाय. हंगाम सुरू झाला की कारखान्यावर जातो, उन्हाळ्यात हितं रेल्वे होतो. मागच्या चाकाला बघा, अजून पाचट अडकलंय."

मी वाकून बघितलं. खरंच पाचट होतं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की उन्हाळ्यात सगळ्या ट्रॅक्टरांनी ठरवलं तर आपल्याकडे स्वतंत्र रेल्वे झोन होईल.

"मग देखभाल कोण करतं?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. आजोबा माझ्याकडे पूर्ण वळून बसले.

"ट्रॅक्टर ठेकेदाराचा. डबं मालकाचं. ठेकेदार इंजनात तेल घालतो, मालक डब्याला रंग मारतो. आता मधी पिन ऱ्हायली. पिन कुणाची?"

"कुणाची?"

"कुणाचीच नाही की ओ!" त्यांना मनापासून आनंद झाला. "तीस रुपयाची पिन. तिचं लॉक पाच रुपयाचं. ठेकेदार म्हणतो डब्यासंगं येतीया. मालक म्हणतो ट्रॅक्टरसंगं येतीया. म्हणून लॉकच नाही तिला. उघडीच हाय. मी चढतानाच बघितलं."

"अहो, मग बसलात कशाला?"

"पैसं दिल्यात," आजोबा म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही दिले होते. दोनशे ऐंशी.

कोरड्या पडलेल्या कृत्रिम धबधब्याजवळ चढ लागतो. तिथे एक खड्डा आहे. खड्ड्यात टक्, टक् असे दोन आवाज आले आणि मग एकदम शांतता पसरली. फार सुखाची शांतता. किर्र नाही, धूर नाही, धक्के नाहीत. मला वाटलं, रस्ता चांगला लागला. मग समोर बघितलं तर इंजिन मिशीसकट एकटंच पुढे चाललं होतं. भोंग्यावर गाणं लावून, शिट्टी मारत, ऐटीत. ड्रायव्हर पोरगा गाण्याच्या तालावर मान हलवत होता. आम्ही चाळीसेक माणसं दोन डब्यांत हात हलवत बसलो होतो, आणि त्यालाही वाटलं असणार की लोक किती खूश आहेत.

"गेलं," आजोबा म्हणाले.

मुंबईत 2025 च्या ऑगस्टमध्ये पावसात मोनोरेल अडकली, अग्निशमन दलाने शिड्या लावून माणसं उतरवली, तेव्हा आम्ही ओट्यावर बसून टीव्हीवर बघत हसलो होतो. म्हटलं, हौस मुंबईची. हसायला नको होतं. निदान त्यांचं इंजिन त्यांना सोडून गेलं नव्हतं.

तसा आमच्या जिल्ह्याला छोट्या रेल्वेचा अनुभव कमी नाही. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली, अडीच फुटी रुळांवर, बार्शी रोड म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली आणि नॅरोगेज कशी असावी याचा तो नमुना ठरला. पुढे पंढरपूरचे वारकरी तिने जायचे. माझे आजोबा सांगायचे की चढावर उतरून चालता चालता विडी पेटवावी आणि परत चढावं. पण ती पोचायची. कुर्डुवाडीला तिच्या दुरुस्तीचा कारखाना होता, आणि नॅरोगेजची गाडी दुरुस्त करावी तर कुर्डुवाडीनेच, असं नाव होतं. हे मी डब्यात शेजारच्या आजोबांना ऐकवलं. ते म्हणाले, "त्यांच्या पिनीला लॉक असंल."

पंधरा मिनिटांनी ड्रायव्हर परत आला. तलावापाशी पोचल्यावर "उतरा, उतरा" म्हणाला म्हणे, आणि उतरायला कुणी नव्हतं.

"डबं हितं कसं काय?" त्याने आम्हालाच विचारलं, जणू आम्हीच कुठे भटकायला गेलो होतो.

पिन सापडेना. खड्ड्यात, गवतात, सगळीकडे बघितलं. मग त्याने बांधकामावरची एक सळई आणली आणि हुकात घातली. सळई बसली, पण प्रत्येक धक्क्याला वर उडी मारायची. तिला खाली धरून ठेवायला काहीतरी पाहिजे. आता यंत्राच्या क्षेत्रातला अधिकारी पुरुष कोण, ते सगळ्यांनाच माहीत होतं. आजोबा डब्यातून न उतरता वाकले, पाहणी केली आणि म्हणाले, "आवळायला पाहिजे. दोरी?"

दोरी नव्हती. तार नव्हती. मेहुणीने ओढणी धरून ठेवली. आजोबांची नजर डब्यावरून फिरत फिरत माझ्या पोटावर येऊन थांबली.

"चामडं हाय का रेक्झिन?"

"चामडं," मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, हे कबूल करायला हवं. साडेसहाशेचं आहे असंही म्हणालो.

"मग काढा की."

"अहो पण..."

"मी दिला असता ओ. माझी नाडी हाय. नाडी देऊ का?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. ऊन डोक्यावर. एक बाळ रडायला लागलं. माझी स्वतःची मुलगी म्हणाली, "बाबा, द्या ना!" पट्टा काढताना जो आवाज होतो, तो चाळीस माणसांसमोर फार मोठा होतो.

आजोबांनी ड्रायव्हरकडून तीन वेढे घालून घेतले, बकल लावायला लावलं आणि म्हणाले, "आता विमान जरी वढलं तरी सुटत नाही." वर मला दाद दिली: "चामडं चांगलंय." गाडी निघाली. मी दोन्ही हातांनी पँट धरून बसलो.

आणि तसाच दिवसभर फिरलो. उरलेल्या दिवसाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की वरून खाली येणाऱ्या पाळण्यात ते लोक फोटो काढतात आणि नंतर दीडशेला विकतात. सगळ्यांचे हात हवेत आहेत. माझे कमरेवर.

माझा एक मावसभाऊ फ्लोरिडात असतो. रात्री त्याला फोनवर सांगितलं, तर तो डिस्नेच्या पार्कातली मोनोरेल सांगायला लागला. 1971 पासून धावतेय, तेवीस-चोवीस किलोमीटरचा मार्ग आहे, आत्ताच्या गाड्याही 1989 ते 1991 च्या दरम्यान आलेल्या, म्हणजे पस्तिशीच्या पुढच्या. बिघडली की पर्यटक तिथेही कुरकुरतातच, म्हणाला. मी विचारलं, पट्टा काढायला लावतात का? तो म्हणाला, विमानतळावर.

खरा राग मला त्या काउंटरवर आला. संध्याकाळी निघताना म्हणालो, माझा पट्टा द्या. काउंटरवरच्या मुलाने कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाला, "सर, गाडी ट्रिपवर हाय. शेवटची ट्रिप झाली की सोडतो." शेवटची ट्रिप कधी? "गर्दीवर हाय." मग म्हणालो, निदान वाहतूक शुल्क परत करा. तो म्हणाला, "सर, बसलात की तुम्ही." बसलो. पंधरा मिनिटं जास्तच बसलो. एक लेखी अर्ज द्या म्हणाला, विषयात 'पट्टा परत मिळणेबाबत' लिहा. मी लिहिला. एका हाताने लिहिला. त्यावर शिक्का मारून त्याने तो ठेवून घेतला, पोच दिली नाही.

यात मला मजा वाटत नाही, खरं सांगतो. चढाऐवजी तिथे उतार असता तर? पुढच्या डब्यात पोरं होती. माणशी चाळीस रुपये घेताय, दिवसाला शेकडो माणसं, आणि पाच रुपयाचं लॉक आणायला कुणी नाही. मिशीला मात्र दर महिन्याला नवा रंग. पिळ सुटू देत नाहीत.

आजोबांची परत भेट झाली ती पार्किंगमध्ये. नातवंडं ओली, आजोबा कोरडे. माझ्या कमरेकडे बघून म्हणाले, "दिला नाही ना? मला वाटलंच. एसटीत पण असंच. तात्पुरतं म्हणून बसवलेलं कधी निघत नाही." मग पिशवीत हात घालून मला एक पुडी दिली. शेंगाचटणी. गेटवर कशी सुटली, विचारलं. "टोपीत," म्हणाले.

काल शेजारचे लोक तिकडे जाऊन आले. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की इंजिन आणि डब्याच्या मधे वाकून बघा. त्यांनी फोटो पाठवलाय. पट्टा जागेवर आहे. तीन वेढे, बकल लावलेलं, सळई तीच. फक्त मधे कधीतरी रंगकाम झालेलं दिसतंय, कारण पट्टाही आता लालभडक आहे.