न्यू ऑर्लिन्सला जायचंय, जरा हळू चालवा

१९९३ साली जो खेळ चालवायला घरातला कॉम्प्युटर पुरायचा नाही, तोच खेळ आज कॉम्प्युटर जास्त झाला म्हणून चालत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी दुप्पट उत्साहानं या भानगडीत पडलो असतो. स्वभावाला औषध नाही.

खेळाचं नाव ‘गेब्रिएल नाइट: सिन्स ऑफ द फादर्स’. सिएरा कंपनीचा, जेन जेन्सन या बाईनं लिहिलेला. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये खुनांचं सत्र चालू आहे, प्रत्येक प्रेताभोवती व्हूडूची, म्हणजे तिथल्या मंत्रतंत्राच्या पंथाची, चिन्हं आहेत, आणि पोलीस म्हणतायत की तो सगळा देखावा आहे. त्यात नाक खुपसतो जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा मालक गेब्रिएल. का, तर त्याला कादंबरी लिहायची आहे. त्याला आवाज दिलाय नट टिम करीनं. माणूस इंग्रज, पण त्याला अमेरिकेच्या दक्षिणेतले हेल काढायला लावलेत, आणि ते हेल इतके लांबतात की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत चहा गाळून होतो. त्याच्या पोलीस मित्राचा, मोझलीचा, आवाज ‘स्टार वॉर्स’वाल्या मार्क हॅमिलचा.

२०१४ साली या खेळाची नवी आवृत्ती निघाली. चित्रं स्वच्छ, झकपक, आजच्या कॉम्प्युटरवर निमूट चालणारी. मग तीच का नाही खेळायची? कारण तिच्यात आवाज बदलले. टिम करी नाही. लग्नाला जावं आणि नवरदेवच दुसरा निघावा, तसं झालं ते. शिवाय माझ्याकडे मूळ सीडी होती, अमेरिकेतल्या चुलतभावानं तेव्हा पाठवलेली, खोक्यासकट. खोक्यात कथेची पूर्वपीठिका सांगणारं चित्रकथेचं पुस्तकसुद्धा आहे. घरात वस्तू असताना ती पुन्हा विकत घेणं आमच्या घराण्यात बसत नाही.

पहिली अडचण अशी की नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. मी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडीवर पावसाळ्यांनी नक्षी काढली होती, ती मऊ फडक्यानं पुसली. ड्राइव्ह बराच वेळ घुरघुरला आणि पडद्यावर निरोप आला: हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही, योग्य आवृत्तीसाठी प्रकाशकाशी संपर्क साधा.

प्रकाशकाशी! सिएराचा कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्टचा मूळ स्टुडिओ १९९९ सालीच बंद पडला. आता तिथे संपर्क साधायचा तर व्हूडूच करायला हवं.

चौकशी केल्यावर कारण कळलं. तेव्हाचे प्रोग्रॅम १६ बिटचे, आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटच्या, आणि मधल्या काळात १६ बिटवाल्यांना दारात उभं करणं बंद झालेलं. त्यासाठी डॉसबॉक्स नावाची सोय आहे. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा करायचा आणि खेळाला सांगायचं, बाबा रे, काही बदललेलं नाही, आपण अजून १९९३ मध्येच आहोत.

डॉसबॉक्स उघडला आणि काळ्या खिडकीत पांढरा कर्सर लुकलुकायला लागला. बोटं आपोआप चालली. माउंट सी. माउंट डी. म्हणजे खेळ कुठे आणि सीडी कुठे ते सांगायचे हुकूम. खेळानं विचारलं, साउंड कार्ड कोणतं? साउंड ब्लास्टर. पत्ता? २२०. आयआरक्यू? ७. डीएमए? १. बायकोचा मोबाइल नंबर मला अजून फोनमध्ये बघावा लागतो, पण हे मी झोपेतही सांगेन. डीएमए म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही विचारू नका. १ आहे एवढं नक्की.

खेळ सुरू झाला. आणि इथून वेगाचं प्रकरण सुरू झालं.

त्या काळच्या प्रोग्रॅमरनी एक गंमत करून ठेवली आहे. दोन हालचालींमध्ये थोडं थांबायचं असेल तर बऱ्याच खेळांत घड्याळ बघायची पद्धतच नव्हती. कॉम्प्युटरला सांगायचे, अमुक इतके आकडे मोज आणि मग पुढे जा. तेव्हाचा कॉम्प्युटर ते आकडे मोजता मोजता घामाघूम व्हायचा, आणि पडद्यावरचा माणूस माणसासारखा चालायचा. आजचा कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत मोजून मोकळा होतो आणि ‘पुढे काय?’ म्हणून विचारतो. काही खेळ तर सुरुवातीलाच कॉम्प्युटरचा वेग मोजून बघतात, आणि उत्तर इतकं मोठं येतं की ते ठेवायला जागा न पुरून तिथेच मान टाकतात.

म्हणून डॉसबॉक्समध्ये वेग कमी करायची कळ आहे. इतक्या पैशांचा वेगवान लॅपटॉप घ्यायचा आणि मग त्याला ‘हळू, अजून हळू’ म्हणत बसायचं. कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की हळू, कंट्रोल आणि एफ-१२ दाबलं की जलद. पण लॅपटॉप बनवणाऱ्यांनी त्याच कळांना पडद्याचा उजेड आणि आवाज यांचीही कामं देऊन ठेवलेली. मी गेब्रिएलची चाल कमी करायला गेलो, तर न्यू ऑर्लिन्समध्ये रात्र पडली. पुन्हा दाबलं तर लख्ख ऊन. तिसरी कळ शोधून, तीन बोटं ताणून एकदाचा वेग कमी केला, तर टिम करी अडखळायला लागला. आधीच ते हेल, त्यात अडखळणं. एका नमस्काराला मिनिट लागायला लागलं.

त्यातच माउस अडकला. डॉसबॉक्सच्या खिडकीत एकदा माउस शिरला की बाहेर येत नाही, कंट्रोल आणि एफ-१० दाबेपर्यंत. हे मला माहीत होतं, बायकोला नव्हतं. तिला त्याच लॅपटॉपवर विजेचं बिल भरायचं होतं. मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ती त्या दुकानातल्या पुस्तकांवर, कॉफीच्या भांड्यावर आणि गेब्रिएलच्या अंगावर आळीपाळीनं क्लिक करत होती, आणि खेळातली निवेदिका, एक ठसकेबाज म्हातारी, तिला दर क्लिकला काहीतरी ऐकवत होती.

“ही बाई कोण आणि ही मला का बोलतेय?” हिनं विचारलं.

या सगळ्याला पूर्णविराम दिला भाच्यानं. तो सुट्टीत आला होता. माझी कसरत त्यानं थोडा वेळ पाहिली आणि म्हणाला, “मामा, स्कमव्हीएम का नाही वापरत?” या नावाचा एक प्रोग्रॅम आहे, जगभरचे हौशी लोक २००१ पासून तो फुकटात घडवतायत. जुन्या खेळाला खोटं खोटं १९९३ दाखवण्यापेक्षा खेळाच्या आतलं यंत्रच त्यांनी नव्यानं लिहून काढलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून त्यात आमचा गेब्रिएलही चालतो. सीडीवरच्या फायली एका फोल्डरमध्ये टाकल्या, ते फोल्डर दाखवलं, आणि खेळ पहिल्या फटक्यात चालला. आवाज स्वच्छ, चाल माणसासारखी. मला जरा वाईटच वाटलं. २२०, ७, १ कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता कॉम्प्युटरची तक्रार उरली नव्हती, त्यामुळे माझी सुरू झाली.

हा खेळ तुम्हाला काहीही सांगत नाही. वर आठ चिन्हं आहेत: चाला, बघा, विचारा, बोला, उचला, उघडा, ढकला, चालवा. दाराला ‘उघडा’ऐवजी ‘चालवा’ लावलं की म्हातारी टोमणा मारते. पाँचरट्रेन तळ्याच्या काठी खून झालेल्या जागी गेब्रिएल भिंग घेऊन उभा राहतो, आणि त्या गवतात सापाचं एक खवलं पडलेलं असतं, चिमट्यानं उचलायचं. कॉलेजात असताना मला ते दिसलं होतं. या खेपेला गेब्रिएलच्या हातात भिंग, माझ्या नाकावर चाळिशी, आणि दोघं मिळून गवत बघतोय.

“मामा, कुठं जायचं त्याचा बाण कुठंय?” भाच्यानं विचारलं.

“बाण नसतो. शोधायचं.”

“मग गुप्तहेर कोण? तो का आपण?”

एका म्हाताऱ्या बाईच्या घरात शिरण्यासाठी गेब्रिएल कॅथीड्रलमधून पाद्र्याची कॉलर आणि शर्ट लंपास करतो आणि केस जेल लावून चप्प बसवतो. त्याच्या झिपऱ्यांचा पाद्री कोणाला पटणार? एवढं सुचल्यावर मला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, पहिल्याच दिवशी, माझी फजिती केली ती जॅक्सन स्क्वेअर या चौकानं. तिथे मोटारसायकलजवळ एक पोलीस उभा आहे. मोटारसायकलवर रेडिओ आहे, आणि खुनाचा ठिकाणा त्या रेडिओवर ऐकायचा आहे. पोलीस हलत नाही. मी त्याच्याशी बोललो, त्याला विचारलं, त्याला ढकललंसुद्धा. चौकातच एक मूकाभिनय करणारा विदूषक आहे, जो जवळून जाणाऱ्याच्या मागे मागे त्याची नक्कल करत चालतो. तो माझ्या मागे लागला. मी त्याला टाळत चौकाभर फिरत होतो.

एव्हाना बायको शेजारी येऊन बसायला लागली होती, पण तिचा तपास वेगळाच होता. गेब्रिएलच्या दुकानात ग्रेस नाकामुरा नावाची सहायक आहे. दुकान ती सांभाळते, फोन ती घेते, माहिती ती काढून ठेवते. हा उशिरा उठतो, कॉफी पितो, चावट बोलतो आणि बाहेर पडतो.

“या दुकानात पुस्तक विकलेलं तुम्ही पाहिलंत का एकदा तरी?” हिनं विचारलं.

“नाही.”

“मग हिला पगार कुठून देतो?”

मी म्हटलं, ते कथेच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाही. त्यावर ज्या नजरेनं माझ्याकडे बघण्यात आलं, त्यानंतर मी ग्रेसला विचारायच्या विषयांची यादी निमूट उघडली. व्हूडू होतं, खून होते, कुटुंबाचा इतिहास होता. पगार नव्हता.

“बरोब्बर,” ही म्हणाली. “लिहिणारी बाईच ना? तिनं मुद्दाम नाही ठेवलेला. ठेवला असता तर खेळ पहिल्याच दिवशी संपला असता.”

मी पुन्हा चौकात आलो. विदूषक पुन्हा मागे. भाचा फोनवर उत्तर शोधायला निघाला, त्याला मी दटावून थांबवलं.

“त्या विदूषकापासून पळताय कशाला?” ही म्हणाली. “न्या त्याला पोलिसापाशी.”

“कशासाठी?”

“अहो, आपल्यामागे लागलेलं लचांड दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं आणि आपण बाजूला व्हायचं. आमच्या ऑफिसात दुसरं काय करतात?”

नेलं. विदूषक पोलिसाच्या मागे लागला, पोलीस चिडून विदूषकाच्या मागे लागला, मोटारसायकल मोकळी झाली. भाच्यानं टाळ्या वाजवल्या. आतल्या खोलीतून आई ओरडली, “सापडला का खुनी?”

“नाही हो आई, अजून नऊ दिवसांचा खेळ आहे म्हणे,” ही म्हणाली आणि मला कोपरानं ढकललं. “उठा तुम्ही. मला तो रेडिओ ऐकायचाय. आणि कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीला गॅस बंद करा.”