डावे एकमुखी नाहीत
वाढत्या संरक्षणखर्चाविरुद्ध युरोपातील डावे पक्ष एकमुखाने उभे आहेत, असे एका लेखात म्हटले आहे; हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. मे 2022 मध्ये फिनलंडने नाटो या लष्करी आघाडीच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला तेव्हा तेथील लेफ्ट अलायन्स हा डावा पक्ष सत्ताधारी आघाडीत होता आणि अर्जानंतरही तो सरकारमधून बाहेर पडला नाही. रशियाशी 1300 किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा असलेल्या देशात शांततेचा विचार रशियापासून दूर असलेल्या स्पेनच्या माद्रिदमध्ये होतो तसा होत नाही. याउलट जर्मनीतील डी लिंके हा डावा पक्ष युक्रेनला शस्त्रे पुरवण्यास विरोध करत आला आहे.

शस्त्रांसाठी पैसा निघतो, लोककल्याणासाठी नाही, हा लेखातील आर्थिक मुद्दा मात्र याहून भक्कम होता, आणि खरे तर तोच पुढे न्यायला हवा होता. कर्जसंकटाच्या काळात ग्रीसमधील निवृत्तिवेतनांना कात्री लागत असताना वित्तीय शिस्तीला पर्याय नसल्याचे सांगितले जात होते; 2025 मध्ये मात्र युरोपीय संघाच्या आयोगाने संरक्षणासाठी सदस्य देशांना सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.5 टक्क्यांपर्यंत, तेही चार वर्षे, सरकारी तुटीवर मर्यादा घालणाऱ्या नियमांतून सवलत देऊ केली. हीच सवलत घरबांधणीला आणि रुग्णालयांना का नाही, हा प्रश्न युक्रेनबाबत दुभंगलेल्या डाव्यांनाही एकत्रितपणे विचारता येईल.