चीनमधल्या शाळांची बातमी परप्रांतातून येते

आपल्या चॅनेलांवर चीन म्हणजे सीमा, सैन्य आणि रात्रीची आरडाओरड. तिथल्या पोरांच्या शिक्षणाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून मी शांघायहून इंग्रजीत निघणारं 'सिक्स्थ टोन' वाचतो. मालकी सरकारी माध्यमसमूहाची आहे, माहितेय. तरी 'सगळा प्रचारच' म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझं पटत नाही.

2020 मधलं एक प्रकरण बघा. शानदोंग प्रांतातल्या एका शेतकरी घरातल्या मुलीने 2004 साली गाओकाव, म्हणजे तिथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा दिली. गुण 546. प्रवेशाचं पत्र काही आलं नाही, नंबर लागला नाही असं समजून बिचारी कामाला लागली. पुढे बालवाडीत शिकवू लागली. सोळा वर्षांनी प्रौढांच्या अभ्यासक्रमाला नाव घालताना सरकारी संकेतस्थळ उघडलं, तर तिच्या नावावर पदवी आधीच जमा! फोटो तेवढा दुसरीचा. त्या दुसरीचे गुण 303, आणि नोकरी सरकारी कचेरीत. असला उद्योग एकट्यादुकट्याचा नसतो.

मग दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या ग्वांगझोच्या 'सदर्न मेट्रोपोलिस डेली' या पेपराने शानदोंगच्या 14 कॉलेजांच्या जाहीर याद्या चाळल्या आणि 242 तोतये मोजून दाखवले. ग्वांगझोचा पेपर, भानगड शानदोंगची! ही तिथली जुनी रीत. पेपराची लगाम त्याच्या स्वतःच्या प्रांताच्या कम्युनिस्ट पक्षप्रमुखाच्या हातात असते, शेजारच्या प्रांतातल्याच्या हातात नसते. देशभर संताप झाला, डिसेंबरात फौजदारी कायदा बदलला आणि मार्च 2021 पासून दुसऱ्याच्या नावाने कॉलेजात घुसणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. याला मी पत्रकारिताच म्हणेन.

2022 मध्ये प्राथमिक गणिताच्या पुस्तकातल्या विचित्र चित्रांवरून वेबोवर, म्हणजे तिथल्या ट्विटरसारख्या माध्यमावर, गदारोळ झाला. शिक्षण मंत्रालयाने चौकशी करून 27 जणांवर कारवाई केली, चित्रं नव्याने काढून घेतली. तिथे राग निम्मा देशभक्तीचा होता (कपड्यांवर अमेरिकी झेंडा दिसतो वगैरे), त्यामुळे माध्यमांना वाट मोकळी होती.

खरी गोची जुलै 2021 ची. शालेय विषयांचे नफ्यावर चालणारे क्लास बीजिंगने, म्हणजे केंद्र सरकारने, बंद केले. बेकार झालेल्या शिक्षकांच्या, चोरून चालणाऱ्या शिकवण्यांच्या बातम्या भरपूर आल्या. पण गाओकावची जीवघेणी स्पर्धा तशीच ठेवून नुसते क्लास बंद केल्याने काय साधणार, हे मंत्रालयाला तोंडावर विचारणारं मला तरी कुणी दिसलं नाही. बीजिंगच्या बाबतीत परका प्रांत आणायचा कुठून?