‘आयपी ६८ घ्या आणि विसरून जा’ : वॉटरप्रूफ स्विचच्या सल्ल्यात काय चुकतं

मे महिना सरत आला की मोबाइलवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. बाहेरच्या भिंतीला, गच्चीवर, बाथरूममध्ये ‘वॉटरप्रूफ’ स्विच बसवा. घेताना आयपी क्रमांक (धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा) बघा, जितका मोठा तितका चांगला, परवडत असेल तर थेट आयपी ६८. वायर आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवून टाका. झाकण असलं की झालं. मग आरसीसीबीचाही (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरचाही) खर्च वाचतो आणि त्या बोर्डाकडे पुन्हा बघावं लागत नाही. यातलं एवढंच बरोबर आहे की उघड्या भिंतीवर साधा मॉड्युलर स्विच लावू नये. बाकीचं एकेक करून पाहू.

‘जितका मोठा आकडा तितका चांगला’

आयपीमागचे दोन आकडे स्वतंत्र आहेत. आयपी ६५ ला ‘पासष्ट’ असं एका दमात वाचलं की इथेच गफलत होते. पहिला आकडा ० ते ६, तो घन वस्तू आणि धुळीचा. दुसरा ० ते ९, तो पाण्याचा. आपल्याकडे यासाठी आयएस/आयईसी ६०५२९ हे मानक आहे. एखाद्या जागी एक्स असेल, जसं आयपीएक्स४, तर त्या बाबतीत दर्जा सांगितलेला नाही, एवढाच अर्थ. तिथे शून्य समजू नये आणि सहाही समजू नये.

पाण्याच्या आकड्यांत ६ पर्यंत शिडी आहे: वरची चाचणी पास झालेल्या बॉक्सने खालच्याही पास केल्या असं धरतात. ७ ला ही शिडी तुटते. ५ म्हणजे ६.३ मिमीच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा, अडीच ते तीन मीटरवरून, सगळ्या दिशांनी, किमान ३ मिनिटं. ६ म्हणजे १२.५ मिमीच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर. ७ मात्र वेगळीच परीक्षा आहे: लहान बॉक्स, त्याचा तळ १ मीटर खोल राहील असा, ३० मिनिटं स्थिर पाण्यात बुडवतात. ८ म्हणजे त्याहून कडक बुडवणी, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादकाशी ठरतं, म्हणून ते कागदावर लिहिलेलं नसेल तर त्या ८ ला फारसा अर्थ नाही.

बुडवल्यावर चारही बाजूंनी सारखा दाब येऊन रबर उलट घट्ट बसू शकतं. फवारा एकाच कडेवर आपटून तेच रबर उचलू शकतो. त्यामुळे नुसत्या आयपी ६७ किंवा ६८ वरून तो बॉक्स फवारा झेलेल असं म्हणता येत नाही. दोन्ही चाचण्या झालेल्या असतील तर खोक्यावर आयपी ६६/आयपी ६७ असं दोनदा लिहिलेलं असतं. ते बघा.

मग कुठे काय? खोल पडवीत, जिथे झड पोहोचत नाही, तिथे आयपी ४४ पुरतं. झड थेट लागणाऱ्या भिंतीवर, गच्चीवर किंवा गोठ्यात ५५ किंवा ६५. जिथे पाइपने जोरात धुणं चालतं तिथे ६६. प्रेशर वॉशरची गोष्टच वेगळी. तो शंभर बारच्या आसपास दाब देतो आणि माणूस तो हातभर अंतरावरून मारतो. ६ ची चाचणी याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी दुसरा आकडा ९ आहे, त्यात ८० अंश सेल्सिअसचं पाणी ८० ते १०० बार दाबाने अगदी जवळून मारतात. घरी तो विकत घेण्यापेक्षा वॉशर स्विचवर मारू नये, हे स्वस्त. आणि पाणी साचतं तिथे ६८ शोधण्यापेक्षा स्विच वर घ्या: सव्वा ते दीड मीटर उंचीवर, पागोळ्यांच्या रेषेच्या आत, पन्हाळीचं तोंड डोक्यावर नसेल असा.

पहिल्या आकड्याकडे कोणी बघत नाही. ४ म्हणजे १ मिमीची तार आत जात नाही, पण बारीक मुंग्या जातात, आणि मुंग्यांनी संपर्क जाम झालेले स्विच कोकणात आणि गोव्यात नवलाचे नाहीत. तिथे ५ किंवा ६ घ्यावा.

‘वॉटरप्रूफ म्हणजे आत थेंब नाही’

मानक असं म्हणतच नाही. आत थोडं पाणी शिरलं तरी चालतं, अट एवढीच की ते जिवंत भागांपर्यंत पोहोचू नये, इन्सुलेशनवर साचून विजेला वाट देऊ नये आणि काम बिघडवू नये. शिवाय चाचणी नव्या बॉक्सवर, साध्या गोड्या पाण्याने होते. चार उन्हाळे खाल्लेलं रबर, खारं वारं, साबण यांची परीक्षा त्यात नाही.

हवाबंद बॉक्समध्ये गळती नसतानाही पाणी कसं भरतं, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. दुपारी ऊन खाऊन आतली हवा फुगते आणि फटीफटीतून थोडी बाहेर पडते. मग सर येते, बॉक्स झटकन थंड होतो, आतला दाब घटतो आणि कडेला चिकटलेलं पाणी आत ओढलं जातं. बाहेर पडायला त्याला वाट नसते. दमट हवेत हे रोज थोडं थोडं होत राहतं. उपाय म्हणजे बॉक्सच्या तळाला ब्रीदर-ड्रेन प्लग, ज्यातून हवा जाते आणि साचलेलं पाणी निथळतं. काही बॉक्सना तळाशी निचऱ्याचं पातळ नॉकआउट (ठोकून उघडायचं बंद भोक) दिलेलं असतं. उत्पादकाच्या कागदात सांगितलं असेल तरच ते उघडा, कारण त्याने आयपी दर्जा बदलू शकतो.

‘भोक सिलिकॉनने बुजवलं की काम झालं’

सगळ्यात जास्त बोर्ड इथे बुडतात. कंपनीने दिलेला आयपी ६५ हा बंद, न छेडलेल्या बॉक्सचा आहे. तुम्ही ड्रिल लावलं त्या क्षणापासून तो दर्जा राखणं तुमच्या हातात.

केबल खालून आत घ्या, वरून कधीच नाही. एम २० ग्लँडसाठी (ग्लँड म्हणजे केबल पकडून भोक बंद करणारी रबरवाली जोडणी) २० मिमीच्या आसपास भोक स्टेप ड्रिलने पाडा आणि कडेची खरखरीत धार काढा. ग्लँडचा रबर वॉशर बाहेरच्या बाजूला, लॉकनट आत. एम २० ग्लँड साधारण ६ ते १२ मिमी जाडीची केबल पकडतो. नेमका आकडा ग्लँडच्या पाकिटावर असतो. १.५ चौरस मिमीची तीन कोअर गोल केबल साधारण साडेआठ-नऊ मिमी भरते, २.५ ची साडेदहाच्या आसपास, म्हणजे दोन्ही बसतात. बसत नाही ती चपटी केबल, जी बोअरच्या पंपाला वापरतात. गोल रबर तिच्या दोन कडांना फट सोडतंच. तिच्यासाठी चपट्या भोकाचं वेगळं रबर मिळतं. एका ग्लँडमधून दोन केबल किंवा सुट्या तीन वायरी घेतल्या तर मधल्या पोकळीतून पाणी सरळ आत. केबलचं वरचं आवरण ग्लँडच्या पुढे बॉक्समध्ये सेंटिमीटरभर तरी आलं पाहिजे. बाहेर, ग्लँडच्या खाली, केबलला एक झोळ ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल. न वापरलेल्या भोकात त्याच दर्जाचा ब्लँकिंग प्लग बसवा. इन्सुलेशन टेपचा गोळा नको.

सिलिकॉनचीही एक भानगड आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडतं. ते असेटिक आम्ल असतं, बंद बॉक्समध्ये ते तांबं आणि पितळ खातं. लावायचंच तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे हे आम्ल न सोडणारं सिलिकॉन लावा. बॉक्स भिंतीला जिथे टेकतो तिथे वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला लावा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बुजवल्या तर मागे गेलेलं पाणी तिथेच मुरतं.

भिंतीतून येणारा कन्सील्ड पाइप हा आणखी मोठा चोर. गच्चीच्या स्लॅबमधून झिरपलेलं पाणी, किंवा पाइपमध्येच गार होऊन जमलेलं दव, उतरत उतरत बॉक्सच्या पाठीतून आत येतं. पुढचं झाकण ६८ चं असलं तरी त्याला काय कळणार? पाइपचं तोंड बॉक्सच्या बाजूने डक्ट सीलिंग पुट्टीने बंद करा आणि शक्य असेल तिथे वरची गळती आधी शोधा.

बॉक्स बसवताना स्क्रू आतल्या तळातून भिंतीत मारले तर प्रत्येक भोक ही नवी फट. गॅस्केटच्या (झाकणाखालच्या रबराच्या) बाहेर असलेले कोपऱ्यातले कान वापरा, नाहीतर सोबत आलेल्या टोप्या आणि रबर वॉशर लावा. भिंत ओबडधोबड असेल तर स्क्रू आवळताना तळ वाकतो आणि झाकण कुठेतरी उघडंच राहतं. आधी भिंत सपाट करा. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. समुद्राजवळ ते ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या.

लावून झाल्यावर, वीज देण्याआधी, आत कोरडा टिश्यू ठेवा, झाकण बंद करा, बागेच्या पाइपने पाच मिनिटं पाणी मारा आणि उघडून बघा. टिश्यू कुठे भिजला त्यावरून फट कळते.

‘बाथरूममध्ये कुठेही चालतो’

वायरिंगच्या आयईसी ६०३६४ या मानकाचा भाग ७०१ बाथरूमचे झोन पाडतो. टबच्या वर, जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंत झोन १, त्याच्या बाहेर आडवे ६० सेंटिमीटर झोन २. आपल्याकडच्या टबशिवायच्या शॉवरला झोन १ शॉवरपासून १.२ मीटरपर्यंत जातो. या झोनमध्ये उपकरणाला किमान आयपीएक्स४ लागतं, पण २३० व्होल्टचा भिंतीवरचा स्विच झोन १ मध्ये बसवायलाच परवानगी नाही, आयपी काही असो. आकडा पाणी अडवतो. ओल्या अंगाने, अनवाणी स्विच दाबण्याचा धोका अडवत नाही. गिझरचा स्विच दाराबाहेर घ्या. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर ओढतो, त्यामुळे तो १६ अँपिअरचा हवा.

‘झाकण आहे ना, मग पिन आत असली तरी काय’

झाकणवाल्या सॉकेटचा दर्जा बहुधा झाकण बंद असतानाचा असतो. साधी पिन खोचली की झाकण अर्धवट उघडं राहतं आणि दर्जा संपतो. पंप कायम जोडलेला राहणार असेल तर निळा १६ अँपिअरचा आयएस/आयईसी ६०३०९ चा औद्योगिक सॉकेट त्याच्याच प्लगसह घ्या. आयपी ६७ च्या प्रकारात कडं फिरवून घट्ट करावं लागतं. कडं न फिरवता सोडलं तर ६७ मिळत नाही.

‘मग आरसीसीबी नको’

सल्ल्यातलं हे वाक्य सरळ जीवघेणं आहे. १६ अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाह झाला की तुटणारा ब्रेकर) १६ अँपिअरपुढे हलते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी ०.०३ अँपिअर गळतीला पडते, म्हणजे पाचशेपटीहून लहान प्रवाहाला, आणि माणसाला मारणारा प्रवाह याच पट्ट्यात असतो. ओल्या बोर्डातून भिंतीत गळणारी वीज एमसीबीला दिसतच नाही. गळती स्विचमध्येच होईल असंही नाही. पंपाची केबल सोललेली असेल, गिझरचा एलिमेंट फुटलेला असेल, तिथे स्विचचा आयपी काय करणार? उलट बाजूही लक्षात घ्या: आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवीच, किंवा दोन्ही कामं करणारी आरसीबीओ. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही हातांत आले तर तिला फरक जाणवत नाही.

आरसीसीबी ‘विनाकारण पडते’ म्हणून काढून टाकली जाते तेव्हा बहुतेकदा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात किंवा कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो. आधी ते शोधा. सर्किट सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर दोष तिथे आहे. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

‘पुन्हा बघायला नको’

गॅस्केट दबून दबून चपटं होतं आणि उचलून येत नाही. एबीएस प्लॅस्टिक उन्हात ठिसूळ होतं. उन्हात लावायचं तर पॉलिकार्बोनेट बरं. दरवर्षी मेअखेरीस आधी टेस्टर जिवंत सॉकेटवर तपासून, मग मेन बंद करून झाकण उघडा. टर्मिनलवर हिरवट थर असेल तर पाणी येऊन गेलंय: टोक कापून नवं सोला, फेरूल (तारेच्या टोकावर चढवायची धातूची नळी) लावा, आवळा, आणि ग्लँडचा रबर बदला. गॅस्केटवर नखाने दाबून बघा. खळगा तसाच राहिला तर नवं गॅस्केट लावा. ते सुटं मिळत नसेल तर बॉक्सच बदला.