पॅरिसचं वऱ्हाड कुणी कापलं?

विषय निघाला बंड्याच्या मालिकेवरून. फ्रान्सची राणी कातरीन द मेदिची, काळा पोशाख, कपाटात विषाच्या बाटल्या. "डेंजर बाई होती राव," एवढंच तो म्हणाला आणि मास्तर पेटले.

"डेंजर कसली, खुनी म्हण! 18 ऑगस्ट 1572 ला पोटच्या पोरीचं, मार्गरीतचं लग्न लावलं. नवरामुलगा नावारचा राजा आँरी, प्रोटेस्टंट. वऱ्हाडात यच्चयावत ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, सरदार पॅरिसला आले. 22 ला त्यांचा पुढारी कोलिन्यी, त्याच्यावर गोळी झाडली. 24 च्या पहाटे, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, कत्तल. घरी बोलावून मारलं लोकांना!"

"गोळी तिनंच झाडायला लावली याला पुरावा काय?" वकिलाचा सवाल. "गीज या कॅथलिक सरदार घराण्याचा कोलिन्यीवर जुना दात होता. त्यांच्या ड्यूकचा 1563 मध्ये खून झाला, तो यानंच घडवला असं ते धरून चालले होते. राणीला तर या लग्नातून समेट हवा होता."

"आणि 23 ला राजवाड्यात खलबतं झाली तेव्हा ती काय स्वेटर विणत बसली होती?"

यावर वकील गप्प. मलाही इथे मास्तरांचंच पटतं. ह्युगेनो पुढाऱ्यांना उडवायचं लूव्रच्या राजवाड्यात ठरलं आणि त्या निर्णयातून कातरीनला सोडवता येत नाही. कत्तलीनंतर दोनच दिवसांनी तिच्या मुलानं, राजा नवव्या शार्लनं, हे आपल्याच हुकमानं झालं असं भर सभेत सांगितलं. पण पुढाऱ्यांपलीकडे जे हजारो मेले, त्यांना मारलं शहराच्या नागरी पथकांनी, आजूबाजूच्या लोकांनी. हात आवरायचे राजाचे हुकूम निघाले, ऐकतो कोण! लोण रुआँ, लियाँ, बोर्दोपर्यंत गेलं, ऑक्टोबरपर्यंत चाललं. रोममध्ये पोपनं पदक पाडलं ते वेगळंच.

"मग विषारी हातमोजे?" बंड्याला मालिका सोडवेना. नवऱ्यामुलाची आई, नावारची राणी जान, लग्नाआधी जूनमध्ये गेली. कातरीननं विष माखलेले हातमोजे पाठवले म्हणे. बाई आधीपासून छातीच्या दुखण्यानं आजारी होती. आणि ब्लुआच्या वाड्यातली ती गुप्त कपाटं! त्यांत कागदपत्रं नि दागिनेच असणार, पण गाईडला विष जास्त विकता येतं. माझं मत असं, की फ्लॉरेन्सच्या सावकारी घराण्यातली परकी बाई, त्यात राज्य हाकणारी विधवा. फ्रेंचांना स्वतःच्या हातांवरचं रक्त पुसायला याहून सोयीचं फडकं मिळालं नसतं.

वकिलाला आता जोर चढला. "जानेवारी 1562 चा आदेश कुणी काढायला लावला? हिनंच! ह्युगेनोंना गावाबाहेर उघड प्रार्थनेची मुभा. दोन महिने झाले नाहीत तोवर गीजच्या ड्यूकनं वासी गावात प्रार्थनेला जमलेली माणसं कापली आणि युद्ध पेटलं. 1598 ला नांतच्या आदेशात पुन्हा तीच वाट धरावी लागली. आणि तो आदेश काढणारा कोण? तिचाच जावई!"

"जावई वाचला तो राजघराण्यातला म्हणून," मास्तर उठता उठता म्हणाले, "आणि गळ्याशी आल्यावर कॅथलिक झाला म्हणून. वऱ्हाडातल्या बाकीच्यांना ती सवलत दिली होती का तुझ्या अशिलानं?"