गुडघे गेले? मग प्रशिक्षक व्हाच!

वय ३५. एका खांद्यावर दोन शस्त्रक्रिया, गुडघ्यांवर तीन, आणि नाक मूळचं कोणत्या दिशेला होतं हे आता फक्त जुन्या फोटोंवरून कळतं. तुमच्या रग्बी लीगच्या (म्हणजे १३-१३ जणांच्या रग्बीच्या) क्लबनं एक वर्षाचा करार पुढे केला आहे आणि वर प्रेमानं सुचवलं आहे, की 'या वर्षी जरा तरुण पोरांना मार्गदर्शन करा.' म्हणजे मैदानावरचे १३ सोडाच, बाकावरच्या राखीव खेळाडूंतही तुमचं नाव धरलेलं नाही.

अशा वेळी रग्बी लीगमधल्या प्रत्येक बुजुर्ग खेळाडूच्या मनात जो विचार येतो, तोच तुमच्याही मनात घोळत असणार. प्रशिक्षक व्हावं का? अहो, हा काय विचारायचा प्रश्न झाला? व्हाच. इतकी वर्षं खेळलात म्हणजे शिकवता येणारच. ज्याला चवीनं जेवता येतं त्याला स्वयंपाकही येतो, हे आपण सगळे जाणतोच.

उदाहरणं हवीत? वॉली लुईसचंच घ्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात या खेळाडूला नुसतं 'किंग' म्हटलं तरी पुरतं, ब्रिस्बेनच्या लँग पार्कबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. १९९२ साली तो गोल्ड कोस्ट सीगल्स या क्लबचा कर्णधार आणि प्रशिक्षक असं दोन्ही एकदम झाला, १९९३ साली नुसता प्रशिक्षक राहिला. दोन्ही वर्षी संघ गुणतक्त्यात तळाला. पण पुतळ्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, आणि प्रशिक्षकाला लागणारा संयम म्हणतात तो हाच.

किंवा बेंजी मार्शल. ऑस्ट्रेलियातल्या अजिंक्यपदाच्या २००५ च्या अंतिम सामन्यात त्यानं जवळजवळ अख्खं मैदान कापत नेलं आणि न बघता, पाठीमागून पॅट रिचर्ड्सकडे चेंडू असा काही भिरकावला, की लोक तो क्षण अजूनही काढून काढून बघतात. वेस्ट्स टायगर्स विजेते झाले. २०२४ साली तोच मार्शल त्याच टायगर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि संघ तळाला गेला. नेमकं सांगायचं तर तळालाच राहिला. आधीची दोन वर्षंही तो तिथंच होता. पुढच्या वर्षी थोडा वर सरकला, तेव्हा माणूस शिकतोय हे मान्य करू. पण जरा कल्पना करा, १९ वर्षांचा एखादा पोरगा येऊन विचारतो, 'तो पास नेमका कसा दिलात?' यावर काय सांगणार? 'दिला' एवढंच. हातानं दिला, डोक्याला नंतर कळलं. तुमच्याही बाबतीत तसंच झालं असेल, तर अभिनंदन. न समजता केलेली गोष्ट शिकवण्यात जो आत्मविश्वास असतो, तो समजून उमजून केलेल्या गोष्टीत कुठला?

तुमच्या वाटेत अडथळा आहे तो फक्त साधारण खेळाडूंचा. या लोकांपासून सांभाळून राहा. वेन बेनेट क्वीन्सलँडचा पोलीस. १९७१ साली ऑस्ट्रेलियाकडून न्यूझीलंडचा दौरा केला, पण त्याच्या खेळाच्या आठवणी सांगून कुणी रात्र जागवत नाही. प्रशिक्षक म्हणून मात्र या गृहस्थानं सात अजिंक्यपदं जिंकली, सहा ब्रिस्बेन ब्रॉन्कोसकडून आणि सातवं २०१० साली सेंट जॉर्ज इलावराकडून. २०२५ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, तो पुन्हा साउथ सिडनीच्या बाकाशी हजर. ट्रेंट रॉबिन्सन वरच्या स्तरावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला, मग फ्रान्समध्ये जाऊन प्रशिक्षण करत राहिला आणि २०१३ साली सिडनी रूस्टर्समध्ये आल्या आल्या पहिल्याच वर्षी करंडक घेऊन बसला. आयव्हन क्लिअरीला खेळाडू म्हणून अजिंक्यपद कधी लाभलं नाही. पेनरिथचा प्रशिक्षक म्हणून त्यानं २०२१ ते २०२४ अशी लागोपाठ चार मिळवली. या मंडळींना खेळताना सगळं सहज जमत नव्हतं, म्हणून बिचारे बघत बसले, विचार करत बसले, वह्या भरत बसले. तुमच्यासारख्यांना असल्या भानगडींची गरज कधी पडली?

म्हणूनच कुणी 'आधी चार-पाच वर्षं साहाय्यक म्हणून काम कर' असं म्हणालं, तर हसून सोडून द्या. क्रेग बेलामी ब्रॉन्कोसमध्ये बेनेटच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबला आणि २००३ मध्ये मेलबर्न स्टॉर्मला गेला. झालं काय त्याचं? अजून तिथंच आहे. एवढ्या वर्षांत साधी हकालपट्टीसुद्धा वाट्याला आली नाही. वाया गेलेला माणूस.

तरी मन कचरत असेल तर मॅल मेनिंगाचा मार्ग बघा. कॅनबेरा रेडर्सचा थोर कर्णधार. १९९७ ते २००१ तो त्याच क्लबचा प्रशिक्षक होता आणि त्या काळात करंडक काही हाती लागला नाही. २००१ मध्येच त्यानं राजकारणात पडायचं ठरवलं. उमेदवारी जाहीर केली आणि पहिल्याच रेडिओ मुलाखतीत, मिनिटभराच्या आत, बोलता बोलता माघार घेतली. (माझ्या मते त्या देशाच्या राजकारणातली ही सर्वांत प्रामाणिक कारकीर्द.) पुढे २००६ पासून तो स्टेट ऑफ ओरिजिनसाठी (म्हणजे न्यू साउथ वेल्सविरुद्धच्या राज्याराज्यांतल्या मालिकेसाठी) क्वीन्सलँडचा प्रशिक्षक झाला आणि सलग आठ मालिका जिंकला. यातून घ्यायचा धडा अगदी सोपा आहे. प्रशिक्षक व्हायचं असेल तर आधी कॅमरन स्मिथ, जोनाथन थर्स्टन, बिली स्लेटर, कूपर क्रोंक आणि डॅरेन लॉकियर हे सगळे आपल्याच राज्यात जन्माला येतील याची व्यवस्था करावी. ग्रेग इंग्लिस चुकून न्यू साउथ वेल्समध्ये जन्मला तर बिघडत नाही, त्याला नंतर बोलावून घेता येतं.

आणि रिकी स्टुअर्टचा दाखला देऊन तुम्हाला कुणी डिवचेलच, म्हणून सांगतो. खेळाडू म्हणून थोर होता आणि २००२ साली, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी, रूस्टर्सला विजेतेपद मिळवून दिलं, हे दोन्ही खरं. २०१३ मध्ये तोच माणूस पॅरामॅटाला होता आणि पॅरामॅटा तळाला होता, हेही तितकंच खरं. त्यातलं सोयीचं साल लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष कामाचं. खेळाडू म्हणून ८० मिनिटं तुमच्या हातात चेंडू असायचा. प्रशिक्षक म्हणून हातात पाण्याची बाटली असेल, तीही आपटायला. या खेळात वेळ मागून घेता येत नाही. सहा टॅकलांचा सेट, म्हणजे चेंडू आपल्याकडे असतानाची एक पाळी, मैदानाच्या मधोमध पोरांनी वाया घालवला की तुम्ही उंचावरच्या खोलीत काचेमागे बसून फक्त ओठ हलवायचे. कॅमेरा ते टिपणारच, आणि घरोघरी लोक तुम्ही काय म्हणालात ते ओळखणारच. निरोप धाडायला ट्रेनर असतो. तो पाणी घेऊन धावत जातो, तुमचं 'रक सावकाश होऊ दे, त्यांना लवकर उठू देऊ नका' हे पोचवतो (रक म्हणजे टॅकल झाल्यावर चेंडू पुन्हा खेळात आणण्याची जागा), आणि तोवर पलीकडच्यांनी उठून ट्राय केलेला, म्हणजे आपल्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण घेतलेला असतो. मध्यंतर १० मिनिटांचं. तेवढ्यात काही महान बोलावं अशी अपेक्षा असते. तुमचे जुने प्रशिक्षक काय बोलायचे ते आठवून बघा. नाही ना आठवत? तुम्ही तेव्हा गुडघ्याला पट्टी बांधत होता.

सोमवार ते शुक्रवार व्हिडिओ बघायचा. म्हणजे किती? जितकं टॅकल केलंत त्यापेक्षा जास्त. खेळताना रविवारी दुखायचं ते बुधवारपर्यंत थांबायचं. हे मात्र थांबत नाही, रात्री दोनला जागं करून विचारतं, की डाव्या कडेचा तिसरा माणूस आत का सरकला.

सामन्यानंतरची पत्रकार परिषद ही यातली खरी कला. हरल्यावर 'आम्ही सेट पूर्ण केले नाहीत' म्हणा. हे वाक्य १३ विरुद्ध १३ खेळणाऱ्या प्रत्येक सामन्याला लागू पडतं. पंचांबद्दल मनात काय आहे ते बोललात तर दंड बसतो, म्हणून 'मी काही बोलणार नाही' असं इतक्या वेळा बोला, की सगळं बोलून होईल. बेनेटसारखी दोन शब्दांची उत्तरं मात्र देऊ नका. त्याला ती सात अजिंक्यपदांनंतर शोभतात, तुम्हाला ती नुसता रुसवा वाटतील.

मग एके दिवशी क्लबचे अध्यक्ष जाहीर करतील, की संचालक मंडळाचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्याच संध्याकाळी कपाट आवरायला घ्या. जिंकत असलात तरी गाफील राहू नका. एलरी हॅनली इंग्लंडच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. त्यानं १९९९ मध्ये सेंट हेलेन्सला सुपर लीगचं, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च स्पर्धेचं, विजेतेपद जिंकून दिलं आणि २००० चा हंगाम जेमतेम सुरू होतो तोच त्याला नारळ मिळाला. विजेत्यांचं हे झालं, मग तळाला बसणाऱ्यांना निदान अनपेक्षित धक्का तरी बसत नाही.

तेवढ्यानं खचू नका, कारण शेजारी रग्बी युनियनचं घर उघडं आहे. १८९५ साली हडर्सफील्डमध्ये उत्तरेकडच्या क्लबांनी बुडालेल्या मजुरीच्या पैशांवरून फारकत घेतली, तेव्हापासून युनियनवाल्यांनी लीगच्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. १९९५ मध्ये त्यांनाही पैसे आवडायला लागले. आता विगन या लीग क्लबचा शॉन एडवर्ड्स आधी वेल्सला आणि मग फ्रान्सला बचाव शिकवतो, आणि विगनचाच अँडी फॅरेल आयर्लंडचा प्रशिक्षक होऊन २०२५ मध्ये लायन्सना (ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त संघाला) ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून देतो. तुम्हीही जा. टॅकल कसा करायचा ते छान समजावून सांगा, १३ ऐवजी १५ जणांना सांगावं लागेल इतकंच. फक्त कुणी स्क्रमबद्दल, म्हणजे दोन्ही संघांनी एकमेकांत गुंतून केलेल्या रेटारेटीबद्दल, विचारलं, की महत्त्वाचा फोन आल्याचं सांगून खोलीबाहेर पडा.