मॉरिशसला समुद्र आहे, म्हणून पाऊस आहे?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर महिनाभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. वर उसाच्या हिरव्यागार रानाचा फोटो, मागं निळा समुद्र, आणि खाली मजकूर: मॉरिशस विषुववृत्तापासून आपल्या मराठवाड्याइतकंच लांब, तरी तिथं बारमाही पाऊस, कारण चारी बाजूंनी समुद्र. आपण समुद्रापासून दूर, म्हणून आपल्या नशिबी टँकर. तर जागोजागी मोठाले जलाशय बांधा, वाफ वर जाईल, पाऊस खाली येईल. शेवटी ‘मॉरिशसचा वारा आपल्याला कुठून मिळणार!’ असा उसासा.

अंतराचं म्हणाल तर बरोबर आहे. छत्रपती संभाजीनगर 19.9 अंश उत्तर, मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस 20.2 अंश दक्षिण. त्या मेसेजमधलं धड वाक्य एवढंच.

बारमाही पावसाचं अर्धंच खरं. तिथं नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि बहुतेक पाऊस तेव्हाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर, ऑक्टोबर सगळ्यात कोरडा. बेटाची वर्षाची सरासरी 2,000 मिलिमीटरच्या घरात आहे, पण ती सरासरी फसवी आहे. आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, त्यांच्या तोंडावरच्या पूर्व किनाऱ्याला साधारण 1,500 मिलिमीटर पाऊस. मधल्या पठारावर 4,000. आणि पठाराच्या पाठीमागं, पश्चिम किनाऱ्याला, फक्त 900 च्या आसपास. हे सगळं जेमतेम 45 किलोमीटर रुंदीच्या बेटावर! समुद्र तर दोन्हीकडे तेवढाच आहे. फरक चढ-उताराचा आहे. पठार चढताना हवा गार होते, बाष्पाचं पाणी होऊन तिथंच पडतं. पलीकडं उतरताना तीच हवा तापते आणि ढग विरतात. वर आणखी एक भानगड असते: दोनेक किलोमीटर उंचीवर उबदार, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो, त्यामुळं व्यापारी वाऱ्यातले ढग फार उंच वाढतच नाहीत. झाकण उघडायला मोठी प्रणाली लागते, म्हणजे कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ. तिथले लोक वादळाला भितात आणि त्याची वाटही बघतात, कारण ते जवळून गेलं की धरणं भरतात. 1999 मध्ये या समुद्रवेढ्या बेटावर कडक दुष्काळ पडला होता. उसाचं पीक बरंच घटलं.

म्हणजे तिथल्या पश्चिम किनाऱ्याला समुद्राच्या काठावर बसून नांदेडएवढा पाऊस. नांदेडचं नाव मुद्दाम घेतोय, कारण मेसेजचा दुसरा मुद्दा इथंच आडवा होतो. समुद्रापासून लांब म्हणून कोरडं, असं असेल तर अरबी समुद्राला त्यातल्या त्यात जवळचं बीड ओलं आणि लांबचं नांदेड कोरडं हवं. प्रत्यक्षात बीडला पावसाळ्यात सहाशेच्या आत-बाहेर, नांदेडला आठशेच्या आसपास. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडं जुलैत उभं राहून बघा. ढग पश्चिमेकडून येतात, पळत येतात, वाऱ्यानं डोक्यावरची टोपी राहत नाही, आणि खाली पडते ती नुसती भुरभुर. त्यांचं पाणी सह्याद्रीनं आधीच उतरवून घेतलेलं असतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि घाट उतरून वाईला आलात की त्याचा चौथा हिस्साही नाही. मॉरिशसचं पठार आणि आपला सह्याद्री, काम एकच.

आपलं झाकण उघडतं ते दुसऱ्या बाजूनं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, जमिनीवर येतं आणि पश्चिम-वायव्येला सरकतं. 2024 च्या ऑगस्टअखेर असंच एक आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडला पाण्यानं वेढलं. ते वर ओडिशा-छत्तीसगडकडून निघून गेलं असतं तर त्याच दिवशी आपण आभाळाकडं बघत बसलो असतो. मराठवाड्याचं साल बरं की वाईट, हे बरंचसं या वाटेवर ठरतं.

आता जलाशय. त्याला फार वेळ घालवायला नको, पैठणला जाऊन यावं. नाथसागर 1976 पासून तिथं आहे, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी. वाफ उन्हाळाभर होते, भरपूर होते, पाटबंधारेवाले तिच्यापायीच कपाळाला हात लावतात. पण ती वाफ वाऱ्याबरोबर कुठल्या कुठं जाते, आणि तिला वर उचलणारं काही नसेल तर तिचा ढगही होत नाही. एवढा जलाशय उशाला असून पैठण तालुका अवर्षणप्रवणच आहे. तलाव बांधू नका असं म्हणत नाही. पडलेलं पाणी धरायला ते लागतातच. पाऊस पाडायला नव्हे.

राहिला तो उसासा. जून ते सप्टेंबर तिकडं हिवाळा असतो. मॉरिशस-रियुनियन ही मास्करीन बेटं. त्यांच्या दक्षिणेला समुद्रावर हवेचा जास्त दाब पक्का बसतो, त्याला मास्करीन उच्चदाब म्हणतात. तिथून निघालेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळं उजवीकडं वळतो आणि अरबी समुद्रावरून नैऋत्य मोसमी वारा होऊन कोकणावर आदळतो. पाटोद्यात टोपी उडवणारा वारा तोच.